आई तुझी आणि रिपोर्ट माझा

नागपूर, रविवार दुपार

प्रिय सुमे,

सात महिने तुझ्या एकाही फोनला धड उत्तर दिलं नाही. त्याबद्दल भेटल्यावर हवं तेवढं बोल, आधी हे वाच. इथे सगळे बरे. यांचा गुडघा आणि माझी शुगर आहे तिथेच आहेत. ऊन ४५ च्या वर गेलंय.

बँकेच्या चेकअपमध्ये मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, होती. डावीकडे पांढरे बारीक कण दिसले, रांगोळीची चिमूट सांडावी तसे. हाताला काहीच लागत नाही. रोज रात्री चाचपून बघते, नाही लागत. सुईने तुकडा काढला आणि रिपोर्ट आला: डी.सी.आय.एस., ग्रेड २, ई.आर. पॉझिटिव्ह. म्हणजे पेशी बिघडल्यात, मधल्या दर्जाच्या, इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या, पण दूधनलिकेच्या आतच आहेत, भिंत ओलांडलेली नाही. स्टेज शून्य म्हणतात. याला कॅन्सर म्हणावं की नाही, यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंच एकमत नाही.

घरात सगळ्यांना सांगून झालं. सांगायचं होतं तुला, आणि तुलाच सांगवत नव्हतं.

धरमपेठच्या घरी मागच्या न्हाणीत तुझ्या आईने, काकूंनी, माझा हात धरून काखेजवळ ठेवला, तेव्हा ती गाठ सुपारीएवढी होती. "सुमीची परीक्षा होऊ दे, तोवर बोललीस तर माझी शपथ." परीक्षा झाली, मग दिवाळी, मग दादाचं लग्न. आठ महिने मी गप्प. १९९४ साल, मी एकोणीस वर्षांची, हे स्वतःला हजारदा सांगून झालंय. फुटाळा तलावावर तू विचारलंस, "तुझ्या जिभेला काय झालं होतं?" आणि पुढे दोन वर्षं बोलली नाहीस. तेव्हा म्हटलं नाही ते आता म्हणते: तू बरोबर होतीस.

सर्जन म्हणाले, तेवढा भाग काढू आणि रेडिएशन देऊ. जाऊबाई म्हणतात, "पूर्ण काढून टाक ना बाप्पा, डोक्याला ताप काहून ठेवून राहिली?" आणि लेक रात्ररात्र वाचत बसते नि म्हणते, आई, थांबायचाही पर्याय आहे. तिने मला कॉमेट नावाची अमेरिकेतली चाचणी दाखवली. साडेनऊशेवर बाया, सगळ्यांचं माझ्यासारखंच, कमी धोक्याचं. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांवर दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करून नुसतं लक्ष. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत भिंत ओलांडणारा कॅन्सर ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के, लक्ष ठेवलेल्यांत ४.२. थांबल्याने नुकसान दिसलं नाही. पण दोन वर्षं म्हणजे किती गं? या पेशी दहा-पंधरा वर्षांनीही बाहेर पडू शकतात. शिवाय ऑपरेशनच्या गटातल्या बऱ्याच जणींनी ते करून घेतलंच नाही, आणि दोन्हीकडच्या बहुतेकींनी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या. त्यात माझं उत्तर कुठलं? सर्जनांना विचारलं तर म्हणाले, "सुईत आला तेवढाच भाग आपण पाहिलाय. काही जणींच्या ऑपरेशननंतर आत खरा कॅन्सर निघतो." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पूर्ण काढायचं मात्र नाही, एवढं ठरलंय. जाऊबाईंशी त्यावरून वाजलंसुद्धा. गाठ निघालेल्या बायांच्या बाबतीतही फिशर नावाच्या सर्जनने १९८५ मध्येच दाखवलं होतं की तेवढी गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. २००२ मध्ये वीस वर्षांचा हिशेबही तसाच आला. काकूंना ते मिळालं नाही, कारण तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. तो सुजलेला हात, उशीवर ठेवलेला, मला अजून दिसतो.

आता जे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही ते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत दीड लाख बायांवर एक काम केलं. त्यातल्या निम्म्या जणींना आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये छापून आलं: आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. काकू चव्वेचाळीसच्या होत्या. वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की मग त्या आठ महिन्यांनी काही बिघडलं नसेल. आणि इतकी शरम वाटली की मोबाइल पालथा घालून ठेवला. ती तपासणी काहीही त्रास नसलेल्या बायांची होती. काकूंची गाठ हाताला लागत होती, वाढत होती. त्या आकड्यात माझी सुटका नाही आणि मी ती मागत नाही.

म्हणूनच कळेनासं झालंय. हे आजच्या आज काढून टाकावंसं वाटतं ते रिपोर्टमुळे की काकूंमुळे? सर्जन म्हणतात, चार आठवडे विचार केलात तरी काही बिघडत नाही. लेकही तेच म्हणते, आणि ती खूप विचार करून म्हणते. पण 'थांबू' हा शब्द ऐकला की मला ती न्हाणी आठवते.

ग्रेडबाबत पॅथॉलॉजिस्टांचंही एकमेकांशी पटत नाही म्हणतात, म्हणून काढलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन परळला टाटात दाखवायला येतेय. बुधवारी विदर्भ एक्सप्रेसने निघते, गुरुवारी सकाळी ठाण्याला उतरते. तू सोबत चल, आणि डॉक्टरांच्या खोलीत आत ये. रक्तदान शिबिरात सुई टोचायच्या आधीच आडवी झालेली बाई तू, पण तिथे फक्त कागद असतील, सुई नाही. पुडाच्या वड्या आणते.

नव्या घराचे फोटो पाहिले, ओटा छान झालाय. भावजींना नमस्कार. चिऊचं जमतंय ऐकून बरं वाटलं.

आणि सुमे, आई तुझी होती. तिला चव्वेचाळीसाव्या वर्षी झालं, आणि तू अजून बीआरसीएची, म्हणजे आईकडून लेकीकडे येऊ शकणाऱ्या जनुकातल्या दोषाची, तपासणी केलेली नाहीस. आजार झालेल्या माणसाची आधी करतात, पण काकू नाहीत, म्हणून तू. बहुतेकींत काही सापडत नाही. पण बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला तर ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या सत्तरेक जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, मग एम.आर.आय., गोळ्या, ऑपरेशन, सगळ्याचा विचार वेळेत करता येतो. चिऊलाही. दिवाळीत मी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "तिचं लग्न होऊ दे, तिकडच्यांना कळलं तर मोडेल, तोवर बोलू नकोस." त्यानंतर मला तुझा फोन उचलवेना. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय. तेव्हा त्यात लग्नाच्या जागी परीक्षा होती.

मी या वेळी गप्प बसणार नाही. काकूंचे जुने कागद माळ्यावरच्या पेटीत असतील, ते काढून ठेव. गुरुवारी लागतील.

तुझीच,
मनी