चि. ओंकारला, कोचवरून झालेल्या वादाबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात थोर कोच कोण, यावरून रविवारी फोनवर तुझी आणि बाबांची चांगलीच जुंपली. तू अलाबामा विद्यापीठाच्या निक सेबनच्या बाजूने, ते तिथल्याच जुन्या बेअर ब्रायंटच्या. मला जे म्हणायचं होतं ते फोनवर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

सेबनची सात राष्ट्रीय विजेतेपदं मलाही मान्य आहेत. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला १३-० असे मागे असताना त्याने नेहमीच्या जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. त्याला छातीच लागते. ब्रायंटही थोरच: अलाबामाला सहा विजेतेपदं, एकूण ३२३ विजय. पण माझ्या लेखी पहिला मान एडी रॉबिन्सनचा. आपल्या श्रीव्हपोर्टहून तासाभरावरच्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचा.

१९४१ साली हा माणूस बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत काम करत होता. बाविसाव्या वर्षी कोच झाला. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकले, आणि समोरच्यांना एकही गुण करू दिला नाही! मदतीला कोणी नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा हाच मारायचा, मुलांचे घोटे हाच बांधायचा. दुसऱ्या गावी सामना असला की सँडविच बांधून न्यायचे, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत या काळ्या मुलांना बसू देत नसत. सकाळी साडेसहाला हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन तो वसतिगृहात फिरायचा. सरावासाठी नाही रे, वर्गात वेळेवर जावं म्हणून. मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा ही घंटा जास्त मोलाची वाटते.

तू म्हणशील, समोरचे संघ लहान होते. होते. पण मोठ्या संघांची दारं कोणी बंद केली होती? अलाबामाच्या संघातून पहिला काळा खेळाडू १९७१ मध्ये खेळला. त्याआधी १९४९ मध्येच रॉबिन्सनचा टँक यंगर थेट लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात पोचला होता. काळ्यांच्या कॉलेजातून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेलेला तो पहिला. त्याच्यामागून दोनशेहून जास्त गेले. त्यांतलाच डग विल्यम्स. १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, वॉशिंग्टनला जिंकून देणारा क्वार्टरबॅक, चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू. काळ्या माणसाला ती जागा झेपत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली.

एक मुद्दा मात्र तुझ्या बाजूचा आहे. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांनी दारं बंद ठेवली, म्हणून तिथले उत्तम काळे खेळाडू रॉबिन्सनला मिळत गेले. खरं आहे. पण सत्तरच्या दशकात तीच कॉलेजं ती मुलं न्यायला लागली, तरी तो जिंकत राहिला. १९८५ मध्ये त्याने ब्रायंटचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला, १९९७ ला थांबला तेव्हा ४०८ विजय नावावर होते. शेवटची तीन वर्षं हरण्यात गेली, त्याला काढायच्या हालचालीही झाल्या. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

सेबनला देशभरातून हवा तो मुलगा निवडता येत होता. रॉबिन्सनकडे ज्यांना दुसरीकडे दारच नव्हतं ती मुलं आली, आणि त्यांचा माणूस घडवण्याचं काम त्याने पंचावन्न हंगाम केलं. कोचला मोजायचं तर मी यावर मोजीन.

थँक्सगिव्हिंगला घरी येशीलच. शनिवारी न्यू ऑर्लिन्सला ग्रॅम्बलिंग आणि सदर्न विद्यापीठाचा बायू क्लासिक हा सामना असतो. बाबांना तयार केलंय, तिकिटं मी काढते. तू फक्त किती मित्र येणार ते कळव, म्हणजे दशम्या त्या हिशेबाने करता येतील.

तुझी,
आई