‘अस्सल रंग’ असे छापलेल्या रॉकेट मॉडेल संचांतील चुकीचे रंग, न जुळणारा क्लिअर कोट आणि धोकादायक सूचना याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : शाळेसाठी घेतलेले रॉकेट मॉडेलचे तीन संच व सोबतचे स्प्रे रंग सदोष असल्याबाबत

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी आमच्या विज्ञान मंडळाने आपल्या कंपनीकडून तीन संच मागवले होते : १:१०० प्रमाणातले अपोलो ११ या चांद्रमोहिमेचे सॅटर्न फाइव्ह रॉकेट, १९८१ च्या पहिल्या उड्डाणातले कोलंबिया स्पेस शटल आणि मैदानावर उडवायचे पाण्याचे रॉकेट. प्रत्येकासोबत आपलेच स्प्रेचे डबे आणि मराठी रंगपुस्तिका होती. खोक्यावर ‘अस्सल रंग, अस्सल फिनिश’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. बाजारात स्वस्त संच असतानाही आम्ही आपला निवडला तो या चार शब्दांसाठी आणि पुस्तिका मराठीत आहे म्हणून. पैसे मुलांच्या वर्गणीतून जमवलेले होते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी सॅटर्नबद्दल. पुस्तिकेतल्या रंगीत चित्रात पहिल्या टप्प्याच्या मधोमध, म्हणजे वरची ऑक्सिजनची टाकी आणि खालची केरोसीनची टाकी यांना जोडणाऱ्या भागावर, काळा रंग दाखवला आहे. मुलांनी मोजमाप करून, मास्किंग टेप लावून तो तसाच दिला. नंतर एका विद्यार्थ्याने १६ जुलै १९६९ च्या उड्डाणाचे छायाचित्र शेजारी धरले आणि विचारले, “बाई, खऱ्यावर हा भाग पांढरा का आहे?”

पांढरा आहे, कारण आपले चित्र अपोलो ११ चे नाहीच. ते एसए-५००एफ या वाहनाचे आहे. केनेडी अंतराळ केंद्रातली जुळणीची इमारत, फिरता मनोरा आणि प्रक्षेपणतळ एकमेकांशी नीट जुळतात का, हे तपासण्यासाठी ते उभे केले होते. २५ मे १९६६ रोजी ते इमारतीबाहेर आणले गेले. ते कधीच उडणार नव्हते. त्याच्या त्या भागावरचा काळा रंग फ्लोरिडाच्या उन्हात फार तापतो असे दिसले, म्हणून प्रत्यक्ष उडणाऱ्या रॉकेटांवर तो भाग पांढरा ठेवला. परदेशातल्या जुन्या मॉडेल संचांतही हीच चूक आढळते आणि जाणकार मॉडेलकारांमध्ये ती प्रसिद्ध आहे. आपण त्यातलेच एखादे चित्र समोर ठेवून छापले असावे, असा माझा अंदाज आहे.

एका पट्ट्यासाठी एवढा आग्रह का, असे आपल्याला वाटेल. सॅटर्नवरचे काळे-पांढरे चौकोन शोभेसाठी काढलेले नव्हते. उड्डाणाच्या वेळी रॉकेट स्वतःभोवती किती फिरते आहे हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांतून कळावे, म्हणून ती रचना होती. रॉकेट सगळे एकाच रंगाचे असते तर ते फिरतेय की स्थिर आहे, हे दुरून ओळखता आले नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-२ च्या चाचण्यांतही याच कारणासाठी काळे-पांढरे रंगवत. मुलांना मी हेच शिकवत होते की रॉकेटवरच्या रंगाला काम असते. कुठे काळा नको, यालाही कारण असते आणि ते उष्णतेच्या धड्यातले कारण असते. आपल्या पुस्तिकेने नेमक्या त्याच जागी चुकीचा रंग द्यायला लावला.

शटलची चूक याहून ढळढळीत आहे. खोक्यावर ‘कोलंबिया, १२ एप्रिल १९८१’ असे लिहिले आहे आणि आत बाहेरच्या मोठ्या टाकीसाठी नारिंगी रंगाचा डबा आहे. त्या उड्डाणात टाकी पांढरी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या उड्डाणातही पांढरीच होती. मार्च १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून पांढरा रंग देणे बंद केले आणि टाकीचे वजन सुमारे २७० किलोने घटले. त्यानंतर सगळ्यांच्या ओळखीची झालेली ती नारिंगी-तपकिरी छटा मुळात कोणी दिलेला रंगच नाही. टाकीवर फवारलेल्या उष्णतारोधक फोमचा तो स्वतःचा रंग आहे आणि उन्हात राहिला की तो गडद होत जातो. म्हणजे नारिंगी टाकी रंगवायचीच असेल तर ती मॅट हवी, कारण फोमला चकाकी नसते. आपण दिलेला नारिंगी हाय ग्लॉस आहे. वर्ष चुकले, रंग चुकला आणि फिनिशही चुकले.

मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले, “मॅडम, रंग हा आवडीचा प्रश्न आहे. मुलांना हवा तो देऊ द्या.” हे उत्तर मला मुळीच पटलेले नाही. मुलांनी स्वतःच्या कल्पनेतले रॉकेट बनवले तर मी त्यांना पोपटी, राणी, मोरपंखी हवा तो रंग देऊ देते आणि तो का निवडला एवढेच विचारते. पण खोक्यावर एका विशिष्ट उड्डाणाचे नाव आणि तारीख छापून आपण पैसे घेतलेत. तिथे आवडीचा प्रश्न उरत नाही. आपण काय विकले, हा प्रश्न आहे.

आता डब्यांतल्या मालाबद्दल. सॅटर्नच्या संचातले पांढरा, काळा आणि लाल हे रंग एनॅमल आहेत आणि शेवटच्या हातासाठी दिलेला क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, लॅकर (द्रावक उडून सुकणारा रंग) आहे. डब्यांच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत हे लिहिले आहे, मराठी पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. एनॅमल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू कडक होते. वरून कोरडे लागले तरी आतला थर बराच काळ कच्चा असतो. त्यावर लॅकरमधला तीव्र द्रावक पडला की खालचा थर फुगतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. तसेच झाले. पुस्तिकेत सांगितलेली मुदत पाळून, सांगितल्या अंतरावरून, हलका हात दिला तरी पांढऱ्या नळीवर डोळ्यांदेखत सुरकुत्या उठल्या आणि लाल अक्षरांचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील अक्षरे, त्यांच्यासह आकसले. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पंखांना लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा अस्तर देऊन मुलींनी लाकडाचे रेषे असे बुजवले होते की बोट फिरवले तर प्लॅस्टिक वाटावे. ते सगळे काम वाया गेले. मॉडेलला रंग देण्यात नव्वद टक्के मेहनत या पायाच्या कामाची असते. ती मुलांनी मन लावून केली होती, हे मला इथे नोंदवायचे आहे.

एकाच संचात एकमेकांशी न जुळणारे दोन रंग आपण भरता आणि कोणता कशावर चालतो हे ग्राहकाच्या भाषेत सांगत नाही, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे.

डिकलबाबतही क्रम उलटा दिला आहे. आधी मॅट क्लिअर, मग डिकल, असे पुस्तिका म्हणते. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर पाण्यातून काढलेले डिकल बसवले की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. डिकल गुळगुळीत, चकचकीत थरावर बसवायचे आणि मग शेवटी हवे ते फिनिश द्यायचे, हा साधा नियम आहे. शिवाय एवढ्या लहान प्रमाणात पूर्ण ग्लॉस दिला की रॉकेट खेळण्यासारखे दिसते. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचे फिनिश, दिले तर मोठ्या वस्तूचा भास टिकतो. सॅटिनचा पर्याय आपल्या यादीत नाहीच.

डब्यावर ‘सर्व ऋतूंत वापरता येईल’ असे छापले आहे. आपली कंपनी महाराष्ट्रातली आहे, पावसाळ्यात कोकणातली हवा कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे. लॅकरमधला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले बाष्प त्यावर जमते आणि थरात अडकून दुधट धुरकटपणा येतो. आमच्या शटलच्या काळ्या भागांवर क्लिअर कोट दिला आणि काळा राखाडी दिसू लागला. हवेत ओलावा जास्त असताना फवारू नये, कोरड्या दिवसाची वाट पाहावी, एवढे एक वाक्य पुस्तिकेत पुरेसे होते. अंतराळ दिन ऑगस्टमध्ये येतो, शाळांना हे संच आपण जुलैत विकता, त्यामुळे ते वाक्य पहिल्याच पानावर असायला हवे.

पाण्याच्या रॉकेटचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि त्यावर मला तातडीने कारवाई हवी आहे. पुस्तिका सांगते की रॉकेटची प्लॅस्टिकची बाटली पॉलिश पेपरने घासावी आणि थेट तिच्यावर लॅकर फवारावे. ही बाटली पंपाने हवा भरून दाबाखाली ठेवायची असते आणि मुले तिच्याजवळ उभी असतात. घासल्याने पडलेले चरे आणि तीव्र द्रावक, दोन्हींमुळे प्लॅस्टिक कमकुवत होऊ शकते. मी ते वाचताच थांबवले. बाटलीला हात न लावता आम्ही रंग फक्त वरच्या पुठ्ठ्याच्या कोनाला आणि पंखांना दिला. प्रत्येक शाळेत हे कोणाच्या लक्षात येईलच असे नाही.

त्याच संचातला फ्लुरोसंट नारिंगी रंग चांगला आहे, हेही सांगायला हवे. ढगाळ आकाशात पांढरे रॉकेट हरवते आणि हिरवे रॉकेट आमच्या मैदानावरच्या ऑगस्टमधल्या गवतात पडले की सापडत नाही. नारिंगी दोन्हीकडे उठून दिसतो. मात्र हा रंग पारदर्शकतेकडे झुकणारा असतो, खाली पांढरे अस्तर नसेल तर तपकिरी पुठ्ठ्यावर तो विटकरी दिसतो. संचात पांढरे अस्तर नाही. ते आम्हाला बाजारातून वेगळे आणावे लागले.

माझ्या मागण्या अशा : सॅटर्न आणि शटल या दोन्ही संचांची पूर्ण रक्कम परत करावी. बदली संच नको, कारण त्यात तीच पुस्तिका आणि तोच क्लिअर कोट येईल. पाण्याच्या रॉकेटचा संच ज्या ज्या शाळांना विकला, त्यांना बाटलीवर लॅकर न मारण्याची लेखी सूचना याच आठवड्यात पाठवावी. पुस्तिकेत सॅटर्नचे चित्र बदलावे, शटलच्या खोक्यात पांढरा डबा द्यावा किंवा खोक्यावरची तारीख बदलावी, आणि प्रत्येक डब्यावर रंगाचा प्रकार व तो कशावर चालत नाही हे मराठीत ठळक छापावे. सुधारित चित्र तपासून हवे असेल तर उड्डाणांची छायाचित्रे नासाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. आमची मुलेही आनंदाने तपासून देतील.

खरेदीची पावती, डब्यांच्या तळाची, सुरकुतलेल्या नळीची आणि पुस्तिकेतल्या संबंधित पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सुरकुतलेले मॉडेल शाळेत जपून ठेवले आहे, आपला प्रतिनिधी येऊन पाहू शकतो. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा निर्णय शाळेने घेतला आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
विज्ञान शिक्षिका व विज्ञान मंडळ प्रमुख