मेकाँगकाठी गाडीने जायचे तर नदी डाव्या हाताला ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की थायलंड सहलीचे आराखडे पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात. बँकॉक-पट्टायाच्या जोडीला आता ‘स्वतः गाडी चालवत मेकाँगकाठची गावे’ हाही प्रकार त्यांत दिसतो. कल्पना झकास आहे, पण आराखडे नकाशावर पट्टी ठेवून आखलेले असतात. बँकॉकला गाडी घ्या, च्यांग खानपासून खाँग च्यामपर्यंत सगळा नदीकाठ करा आणि सहाव्या दिवशी परत या, असा सल्ला आम्ही अलीकडेच वाचला. बँकॉक ते याच काठावरचे नाँग खाय शहर हेच 615 किलोमीटर होतात. च्यांग खान ते खाँग च्याम नदीकाठाने आणखी आठशेच्या आसपास. यात नदी बघायची कधी?

ज्यांच्या हाताशी चार-पाच रात्री आहेत त्यांनी बँकॉकला गाडी घेऊच नये. विमानाने तासाभरात उदोन थानी गाठावे, तिथल्या विमानतळावर गाडी घ्यावी आणि तिथेच परत करावी. दुसऱ्या शहरात गाडी सोडली तर वेगळे शुल्क पडते. मार्ग असा: उदोनहून 210 क्रमांकाच्या रस्त्याने वांग सफुंग, तिथून 201 ने लोयवरून च्यांग खान (एकूण सुमारे 200 किलोमीटर), मग 211 ने नदीकाठाने पाक चोम, सांगखोम, सी च्यांग माय, था बो करत नाँग खाय (साधारण तेवढेच), आणि शेवटी 2 क्रमांकाच्या मित्रफाप महामार्गाने 50-55 किलोमीटरवर पुन्हा उदोन. आडवाटा धरून पाचशे किलोमीटर. छोट्या सेडानला 35 लिटर पेट्रोल पुरते, म्हणजे जवळजवळ एका टाकीत फेरी होते.

ही फेरी उलटी करू नये. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. च्यांग खानहून नाँग खायकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने निघालात की नदी डाव्या हाताला राहते. शेजारी बसलेल्याला पाणी दिसते, आणि थांबावेसे वाटले तर समोरून येणारी वाहने न ओलांडता गाडी कडेला घेता येते. उलट दिशेने प्रत्येक थांब्यासाठी वळणावळणाच्या दुपदरी रस्त्यावर उजवीकडे वळावे लागते. अडचण एकच: तोंड पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन थेट काचेवर येते. नऊ-साडेनऊनंतर निघाले की तोही प्रश्न मिटतो.

विमानाच्या जोडणीत पुष्कळांची फसगत होते. मुंबईहून येणारी बरीच विमाने सुवर्णभूमीला उतरतात, तर उदोनची स्वस्त विमाने बहुतेक डॉन मुआंगहून सुटतात. हे दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा. सामान घेऊन, इमिग्रेशन करून, बँकॉकच्या वाहतुकीतून जायचे असते. उदोनला दुपारी एकनंतर उतरत असाल तर त्या दिवशी च्यांग खानचा हट्ट नको, उदोनलाच मुक्काम करा. हिवाळ्यात सहाच्या आधीच अंधारते, आणि अंधारात या भागात गाडी चालवू नये. शेतावरून परतणाऱ्या इंजिन जोडलेल्या गाड्यांना मागे दिवा नसतो, कुत्री रस्त्यातच बसलेली असतात. डिसेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. उदोन-लोय पट्ट्यात रुंदीबाहेर ऊस लादलेले ट्रक चालतात. त्यांचे मागचे दिवे उसात बुडालेले असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

आता कागदपत्रे. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट भारतातून निघण्यापूर्वीच काढावे लागते. आपल्या आरटीओकडे नमुना 4-ए भरायचा, शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. अर्ज दोन-तीन आठवडे आधी करा. लायसन्सवर वडिलांचे नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही, असला फरक असेल तर तो तिथेच उघड झालेला बरा. थायलंडमध्ये परमिटसोबत मूळ लायसन्सही जवळ लागते. नदी ही लाओसची हद्द असल्याने काठावर तपासणी चौक्या आहेत. च्यांग खानला स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होतो, पण लायसन्सवर दुचाकीची नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचे आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येते. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बनावट समजा. व्हिसामाफीचे नियम बदलत असतात. ते तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावेत, नातेवाइकाच्या सांगण्यावर जाऊ नये.

गाडीच्या काउंटरवर सर्वाधिक घोळ क्रेडिट कार्डाचा होतो. अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर रोखून ठेवतात. कार्ड चालकाच्याच नावाचे लागते आणि डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. 2020 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन भारतीय कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच सुरू असतात. परदेशी वापर आणि त्याची मर्यादा ॲपमधून स्वतः चालू करावी लागते. घरी न केलेले हे काम उदोनच्या काउंटरवर ओटीपीची वाट बघत करावे लागते. विमा ‘पहिल्या वर्गाचा’ घ्या आणि त्यातही अपघात झाल्यास पहिले किती हजार बाट तुमच्या खिशातून जाणार ते विचारा. टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा विम्याबाहेर असतो. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिमचा आणि पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचा व्हिडिओ काढा. वाद नेमके तिथेच होतात. सहा वर्षांखालच्या मुलासाठी कायद्याने आसन लागते, ते आधीच नोंदवून ठेवा.

रस्ते उत्तम आहेत आणि हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून माणूस गाफील होतो. दुभाजक असलेल्या महामार्गावर उजवीकडे वळायचे तर पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. वळून येणारी वाहने थेट उजव्या, म्हणजे वेगाच्या मार्गिकेत शिरतात. त्यामुळे ओव्हरटेक झाले की डावीकडे या. डाव्या कडेने उलट येणाऱ्या दुचाकी इथेही आहेतच. लाल दिव्याला डावीकडे वळणे पाटी असेल तिथेच. पंपावर कर्मचारी पेट्रोल भरून देतात. ‘91’ किंवा ‘95’ गॅसोहोल (इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) सांगा, ‘ई-85’ची नळी लावू देऊ नका. टाकीच्या झाकणाच्या आत कोणते इंधन चालते ते लिहिलेले असते. नकाशाच्या ॲपला नुसते ‘नाँग खाय’ सांगितले तर ते वेळ वाचवायला नदी सोडून आतल्या रस्त्याने नेऊ शकते. पाक चोम आणि सांगखोम हे मधले थांबे म्हणून टाका. गावांची रोमन स्पेलिंगे प्रत्येक पाटीवर वेगळी असतात, रस्त्याचा क्रमांक मात्र सगळीकडे एकच असतो.

च्यांग खानला दोन रात्री द्या. नदीला लागून चाय खोंग रस्ता आहे, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरे. संध्याकाळी तो फक्त पायी चालणाऱ्यांचा होतो. मुक्काम या रस्त्यावर घेतला तर गाडी कुठे लावायची ते आरक्षण करतानाच विचारा. चारच्या आत पोहोचला नाहीत तर बॅगा उचलून गल्ली तुडवावी लागेल. लाकडी घरांत भिंती पातळ, जिना उभा आणि न्हाणीघर कधी कधी सामाईक असते. आईवडील बरोबर असतील तर एक गल्ली मागे साधे हॉटेल बरे. पहाटे भिक्खू भिक्षेला येतात तेव्हा पात्रात घालायचा तो चिकट भात. तयार तबके विकत मिळतात, भात मुठीत घेऊन थोडा थोडा घालायचा असतो. गावाजवळच्या फू थोक टेकडीवरून धुके पाहायचे तर साडेपाचला पायथ्याशी हजर राहा. खासगी गाड्या वर सोडत नाहीत, स्थानिक पिकअपमध्ये थोडे पैसे भरून जावे लागते. धुके नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तेही रात्र थंड आणि निरभ्र असेल तर. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर ह्युआंग नदी मेकाँगला मिळते, त्या संगमावर काचेचा पूल आहे. जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो.

सहलीतला खरा ऐवज म्हणजे पाक चोम ते सांगखोम हा टप्पा. अंतर साठेक किलोमीटर, पण दोन तास धरा. रस्ता कधी पाण्याच्या पातळीला येतो, कधी केळीच्या बागांतून वर चढतो. सांगखोमला एक रात्र काढली की दुसऱ्या दिवशी गर्दीच्या आत वात फा ताक सुआ या डोंगरावरच्या मठात पोहोचता येते. तिथल्या काचेच्या सज्जावर चपला काढून कापडी मोजे चढवावे लागतात. खाली नदी वळण घेते आणि उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्यांवर खवल्यांसारखी नक्षी उमटते, स्थानिक लोक तिला नागाची शेपूट मानतात. उतार तीव्र आहे. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर पायथ्याला पोहोचेस्तोवर ब्रेकचा वास येतो. ‘एल’ किंवा ‘एस’मध्ये, म्हणजे खालच्या गिअरमध्ये टाका. पुढे सी च्यांग मायला भाताच्या पातळ पापड्या बांबूच्या जाळ्यांवर वाळत घातलेल्या दिसतील. व्हिएतनामी वंशाच्या कुटुंबांचा हा धंदा आहे, आणि ऊन हवे म्हणून तो सकाळीच बघावा.

नाँग खायला साला केव कू हे शिल्पोद्यान चुकवू नका. बुनलुआ सुलिलात या साधकाने 1978 पासून उभारलेली सिमेंटची प्रचंड शिल्पे आहेत. बुद्ध, हिंदू देवता, सात फण्यांचा नाग. दोन तास पुरतात, टोपी न्या. 1994 च्या मैत्री पुलावरून लाओसला जायचे असेल तर गाडी हॉटेलवर ठेवून बसने जा. भाड्याची गाडी देशाबाहेर नेण्यास बहुतेक करारांत मनाई असते, शिवाय लाओसमध्ये वाहतूक उजवीकडून चालते. परत येताना आगमन कार्ड नव्याने भरावे लागते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मुळीच जाऊ नका.

हंगामाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: दिवाळीनंतरचे दोन आठवडे. पाऊस संपलेला, नदी भरलेली, उसाचे ट्रक अजून निघालेले नाहीत. कोजागिरीच्या सुमारासच तिकडे ओक फन्साची (बौद्ध वर्षावास संपण्याची) पौर्णिमा येते. त्या रात्री नाँग खाय प्रांतात फोन फिसाय या गावी नदीतून उठणारे ‘नागाचे अग्निगोल’ पाहायला लोक अफाट लोटतात. ते बघायचेच असेल तर खोल्या कित्येक महिने आधी घ्या आणि परतीची कोंडी पहाटेपर्यंत चालेल असे धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूची बेटे उघडी पडतात, पण शेते जाळल्याचा धूर असतो आणि पलीकडचा लाओस दिसेनासा होतो. सप्टेंबर टाळा. 2024 मध्ये याच महिन्यात नाँग खाय शहरात पाणी शिरले होते. मेकाँग नदी आयोग रोजची पातळी जाहीर करतो. नाँग खायला 12.2 मीटर म्हणजे पाणी काठाबाहेर, हा आकडा लक्षात ठेवून निघण्यापूर्वी पाहून घ्या.

शाकाहाऱ्यांची मात्र परीक्षा आहे. इसान, म्हणजे ईशान्य थायलंडच्या या भागात आंबवलेल्या माशाचे ‘प्ला रा’ आणि माशाचे पाणी ‘नाम प्ला’ भाजीतही पडते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘किन जे’ म्हणा, म्हणजे मांस-मासे अजिबात नको. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणून जैन वाचकांनाही तो शब्द उपयोगी आहे. पिवळ्यावर लाल अक्षरांची ‘जे’ची पताका दिसली की तिथे निर्धास्त बसावे, पण अशी दुकाने सकाळी उघडून दुपारीच बंद होतात. पपईचे सोम ताम समोर कुटून देतात, ‘माय साय प्ला रा, माय साय नाम प्ला’ असे खलबत्त्यात काही पडायच्या आतच सांगा. वाळवलेली कोळंबीही हाताने दाखवून नाकारा. लहान दुकानांत क्यूआर कोड असतात, पण ते थाई बँक खात्यांचे. रोख बाट ठेवा. एटीएम दर वेळी 220 बाट किंवा जास्त कापते, तेव्हा रक्कम एकदाच काढा.

परतीच्या दिवशी नाँग खायहून विमानाच्या साडेतीन तास आधी निघावे. रस्ता तासाभराचा असला तरी मित्रफापवर अवजड ट्रक असतात, विमानतळाआधीच्या पंपावर टाकी भरायची असते आणि गाडी परत देताना पुन्हा रिम तपासले जातात.

आपल्या पुरवणीतल्या पुढच्या थायलंड आराखड्यात गावांच्या नावांसोबत रस्त्यांचे क्रमांक आणि दोन मुक्कामांमधले तास छापावेत, ही विनंती.

आपले,
काही नियमित वाचक, पुणे