परत आलेल्या मुलाची नोंद कुठे करायची? गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना एका आईचे खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
गोवा शासन, मंत्रालय, पर्वरी.

सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी मराठी शाळेत केली. हे पत्र फौजेतून आजारपणामुळे परत पाठवलेल्या माझ्या धाकट्या मुलासाठी लिहिते आहे, त्याला विचारूनच. तो म्हणाला, ‘‘माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही.’’ म्हणून नाव घालत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या दारात खनिज वाहणारा टिपर उभा होता आणि त्याचे हप्ते फिटायचे होते. मुलगा नुकताच बारावीला बसला होता. ज्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमुळे जीव मुठीत धरून चालावं लागायचं, तो रस्ता एका आठवड्यात ओस पडला. हा पहाटे साडेचारला उठून तिथे धावू लागला. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. मी मोबाइलवर वेळ लावून वीजखांबापाशी उभी राहायची. धावून आला की गुडघ्यापर्यंत लाल धूळ असायची, आणि पहिला प्रश्न एकच, ‘‘किती झाले?’’ कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडून निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी त्याच्या बाबांनी बंद टिपरला हार घातला होता.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात त्याचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण संपल्यावर शपथ घेतात त्या कसम परेडला आम्ही चोर्ला घाटातून गेलो. तिथे आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात. ते पदक लावताना माझ्या पदराला पिन टोचली, रक्ताचा थेंब आला, आणि मुलगा रांगेतून बघून हसला. ती साडी मी अजून धुवायला दिलेली नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात, उंचावरच्या एका चौकीवर, त्याला पहिली फिट आली. त्याच्या तंबूतल्या सोबत्याने फोन केला तेव्हा आम्ही जेवत होतो. मग इस्पितळं, मेंदूच्या तपासण्या, लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे प्रकृतीमुळे खालची श्रेणी, दर काही महिन्यांनी फेरतपासणी. मध्ये एकदा बरं वाटलं, पुन्हा फिट आली. २०२४ मध्ये मेडिकल बोर्डाने त्याला सेवेतून मोकळं केलं. कागदावर लिहिलं होतं की आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. बसून करण्याच्या नागरी नोकरीला तो योग्य आहे, असंही लिहिलं होतं. काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आणि एक फाइल घेऊन तो कदंबाच्या बसमधून उतरला. गणपतीच्या चवथीला चार दिवस होते.

इथे माझ्या हातून जे झालं ते सांगते, कारण अशी चूक माझ्यासारख्या पुष्कळ आया करत असतील. आरतीला भावकीतली माणसं आली. प्रत्येकाने विचारलं, ‘‘रजेवर आलाय का? किती दिवस?’’ आणि मी गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभी राहून सांगितलं, ‘‘हो, रजेवर आहे.’’ एकदा नाही, सहा-सात जणांना. तो पाठीमागे ताटं उचलत होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. रात्री अंगणात म्हणाला, ‘‘आई, मी चोरी करून आलेलो नाही.’’

त्यानंतर चार महिने तो घरातल्या कुणाशी धड बोलला नाही. आम्ही सगळे त्याची समजूत काढत होतो. दुसरी नोकरी मिळेल, काही बिघडलं नाही, जीव वाचला हे काय कमी आहे. आता कळतं की ते सगळं आम्ही आमच्याच धीरासाठी बोलत होतो. त्याचं बिघडलं होतं. साडेचारला जाग यायची आणि जायला कुठे नसायचं. अंधारात पलंगावर बसलेला दिसायचा, अंथरुणाच्या चारी कडा मोजून घडी घातलेल्या.

मुख्यमंत्री महोदय, आपण सांखळीचे, हा तालुका आपल्या पायाखालचा आहे. आपल्याकडून मुलं तारवावर, म्हणजे जहाजावर, नोकरीला जातात, आखातात जातात, सरकारी नोकरीच्या मागे लागतात. फौजेत फार थोडी जातात. शेजारच्या सिंधुदुर्गात वाडीवाडीत एखादा निवृत्त हवालदार, सुभेदार असतो. पोर लवकर परत आलं तर निदान काय विचारायचं हे त्याला ठाऊक असतं. आमच्या गावात ते ठाऊक असलेला एकही माणूस नव्हता. तारवटी कंत्राट संपून परत आला तर त्याला कुणी कारण विचारत नाही. सैनिक पंचविसाव्या वर्षी घरी बसला की लोक कुजबुजतात.

आमचं नशीब असं की माझ्या जुन्या सहशिक्षिकेचा भाऊ दोडामार्गचा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. तो एका रविवारी एसटीने आला. मी चहा ठेवला, फाइल समोर ठेवली. त्याने फाइलला हात लावला नाही. मुलाकडे बघून विचारलं, ‘‘कुठली पलटण? कंपनी कुठली?’’ इतक्या महिन्यांत हे विचारणारा तो पहिला माणूस. मुलगा ताठ उभा राहून बोलू लागला. दोन तास ते दोघे मागच्या पडवीत होते. नंतर सुभेदारांनी फाइल उघडली, एकेक कागद वाचला आणि म्हणाले, ‘‘अपिलाची मुदत संपत आलीय, उद्याच कामाला लागा.’’ आमच्या हातात तो कागद होता, पण मुदतीचं आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. शिक्षिकेची सवय. आज जे मला कळतं ते थोडक्यात लिहिते, कारण आपल्यापुढे फाइल येईल तेव्हा ती नेमकी कुठे अडते हे दिसावं.

दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या जवानाला पूर्वी इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे प्रकृतीमुळे सेवेतून काढल्यावरचं पेन्शन, मिळत नसे, फक्त एकरकमी उपदान मिळे. संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ही अट शिथिल केली, ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी. पण त्यासाठी जवान फौजेबरोबर नागरी नोकरीलाही कायमचा असमर्थ ठरावा लागतो. माझ्या मुलाच्या कागदावर तो बसून काम करू शकतो असं आहे. म्हणजे पेन्शन हवं असेल तर आपला मुलगा कुठल्याच कामाचा नाही हे सिद्ध करायचं. कुठली आई ते सिद्ध करायला जाईल?

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आजाराचा सेवेशी संबंध मान्य व्हावा लागतो. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे. तो जवान १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेश दळात, भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळेच त्याला घरी पाठवलं होतं. न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत तो आजार लिहिलेला नसेल, तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे झालेला नाही हे दाखवण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि संशयाचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे. हा निकाल मी छापून घेतला आहे, घडीच्या जागी कागद फाटायला आला आहे. आमचं पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसरं पडून आहे. त्यानंतर मुंबईतल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ. ज्याला एकट्याने रेल्वेच्या दारापाशी उभं राहायची मनाई आहे अशा मुलाला घेऊन तारखांना मुंबई गाठायची.

पेन्शन नाही म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, नाही. पीपीओ नाही म्हणून माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, कारण वैद्यकीय कारणावरून सुटलेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसायला वैद्यकीय किंवा अपंगत्व पेन्शन मंजूर व्हावं लागतं. पेन्शन नाही तर ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, उपचार नाही. एका कार्यालयात मला सांगितलं, ‘‘बाई, तुमचा मुलगा आमच्या यादीत येत नाही.’’ मग दुसरीकडे, अपंग म्हणून तरी नोंद होईल का पाहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अपस्माराचं, म्हणजे फिट्सच्या आजाराचं, नाव नाही.

आणि रोजचं जगणं? आपल्या गोव्यात दुचाकीशिवाय माणूस पांगळा. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये पहिलाच प्रश्न आहे, तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? त्याने खरं उत्तर दिलं असतं आणि अर्ज नाकारला गेला असता, म्हणून अर्ज केलाच नाही. आता डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला मी स्कूटर चालवते आणि तो मागे बसतो. सहा फुटी मुलगा, पाय आवळून, पिशव्या मांडीवर. सुरुवातीला गावाच्या वेशीवर उतरून चालत यायचा, कुणी बघू नये म्हणून. आता बसून राहतो. एवढीच प्रगती, पण माझ्यासाठी ती मोठी आहे.

औषधं आणि तपासणी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, होते. तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला, एकही चुकवायची नाही. झोप मोडायची नाही. गेल्या चौदा महिन्यांत फिट आलेली नाही.

आता मागणं काय ते सांगते. केंद्राची व्याख्या बदलणं आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण राज्याच्या नोकऱ्या, राज्याची प्रशिक्षणं, राज्याचं सैनिक कल्याण खातं आपल्या हातात आहे. गोव्यातून फौजेत गेलेला आणि वैद्यकीय कारणाने परत पाठवलेला प्रत्येक मुलगा आणि मुलगी, पेन्शन असो वा नसो, सेवा सहा वर्षं असो वा प्रशिक्षणातले सहा महिने, राज्याच्या योजनांपुरता माजी सैनिक धरला जावा. एवढा एक शासन निर्णय काढा. मनुष्यबळ विकास महामंडळात, खात्यांच्या नियंत्रण कक्षात, नोंदी ठेवण्याच्या कामावर बसून करण्याच्या जागा असतात. माझा मुलगा वायरलेसवर संदेश घेत होता, त्याचं अक्षर आणि वेळेची शिस्त माझ्यापेक्षा चांगली आहे.

हे करता येतं, हे मी पाहिलेलं आहे. त्याआधी २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा आमच्यासारख्या ट्रकवाल्यांच्या याद्या झाल्या, २०१४ मध्ये खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलतीची योजना निघाली. सरकारने मनावर घेतलं आणि दारोदारच्या टिपरांची मोजदाद झाली. परत आलेली पोरं त्यापेक्षा कितीतरी कमी आहेत.

दुसरं मागणं पैशाचं नाही. मुलगा घरी पोहोचला की आठ दिवसांत सैनिक कल्याण खात्यातून एक माणूस त्याच्या घरी यावा. शक्यतो स्वतः फौजेत राहिलेला. त्याने ‘कुठली पलटण’ विचारावं, फाइल वाचावी, अपिलाच्या तारखा एका कागदावर लिहून द्याव्यात. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ मध्ये, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदतीसाठी. त्या योजनेतला वकील पणजीत बसून राहू नये, वाळपई, पेडणे, काणकोणपर्यंत पोहोचावा. दोडामार्गचे सुभेदार योगायोगाने आले म्हणून आमचं अपील मुदतीत गेलं. योगायोग प्रत्येक घरी एसटीने येत नाही.

आणि ज्यांना आजारामुळे लायसन्स मिळत नाही त्यांना कदंबाचा पास द्या. लहान गोष्ट आहे, पण मी पासष्टीला टेकले आहे, स्कूटर किती वर्षं चालवणार?

अग्निवीरांचाही विचार याच फाइलमध्ये व्हावा. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीपासून आत गेली. चार वर्षांनी चारातला एकच जण फौजेत राहणार, बाकीचे तीन परत येणार, आणि त्यांना पेन्शन नाही. त्यांच्या आया आज आनंदात आहेत, असाव्यात. पण तेविशी-चोविशीतली ती मुलं चवथीला घरी येतील तेव्हा त्यांनाही लोक विचारतील, रजा किती दिवस?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी प्रशिक्षणाच्या प्रबोधिनींमधून जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि केंद्राने त्यांना ईसीएचएसचं दार उघडलं. मला फार बरं वाटलं. मुलाने बातमी वाचली, पेपर नीट घडी करून पेटीत ठेवला. ती पेटी आता खाटेखाली असते. तिच्यावरचा नंबर त्याने खरवडून काढला नाही, मीही काढायला सांगितलं नाही.

या चवथीला आरतीला आलेल्या माणसांना त्यानेच सांगितलं, ‘‘मला फिट्स येत होत्या, म्हणून बोर्डाने घरी पाठवलं.’’ दोघे-तिघे गप्प झाले. एक आजोबा म्हणाले, ‘‘बस रे बाबा, प्रसाद घे.’’ तो बसला.

येत्या महिन्यात सोमवारी त्याची बांबोळीला तपासणी आहे. सकाळी अकरापर्यंत आम्ही मोकळे होतो. आपण वेळ दिलीत तर परतताना पर्वरीला उतरू. फाइल सोबत असते. बोलेल तो स्वतः, मी नुसती शेजारी बसेन.

आपली नम्र,
एक आई
डिचोली तालुका