सहलीत औंधही असू द्या

सातारा जिल्ह्यातील सहलींवरचा लेख रविवारच्या अंकात वाचला. त्यात कास, ठोसेघर आहे. औंधचे नावही नाही, याचे वाईट वाटले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये तिथल्या यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे शिल्पही आहे. वरच्या झरोक्यांतून उतरणाऱ्या उजेडात ती चित्रे पाहताना माझी नात बराच वेळ जागची हलली नाही! महामार्गाजवळची लिंब गावची बारा मोटेची विहीरही अशीच राहून जाते; तिच्यातला दगडी महाल गाठायला आम्हाला तीनदा रस्ता विचारावा लागला. पुढच्या वेळी दोन्हींचा रस्ता आणि एसटीची सोय जरूर छापावी.

– एक वाचक, सातारा