अंगणातला दगड फिशटँकमध्ये ठेवण्याआधी

संपादक महोदय,

घरच्या फिशटँकसाठी अंगणातलेच दगड, वाळक्या फांद्या आणि पाने वापरण्याची हौस वाढते आहे, ही चांगलीच गोष्ट. टाकीला जिवंतपणा येतो आणि बुजऱ्या माशांना आडोसा मिळतो. मात्र ‘सगळे उकळून घ्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला दगडांच्या बाबतीत धोक्याचा आहे. दगडाच्या भेगांत पाणी मुरलेले असते. त्याची वाफ होऊन तिला वाट मिळाली नाही, तर दगड तडकून त्याचे तुकडे उडतात. दगड ताठ ब्रशने नुसत्या पाण्यात घासावा. साबण नकोच.

त्याची खरी परीक्षा पुढे आहे. कोरड्या दगडावर खिळ्याने ओरखडा काढून थोडी भुकटी सुटी करावी आणि तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसले, तर त्यात चुना आहे. संगमरवर, चुनखडी आणि शिंपले याच जातीचे. ते हळूहळू विरघळतात, पाणी जड (क्षारांनी भरलेले) होते आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा, चढतो. गप्पी, मोलीला हे मानवते, निऑन टेट्राला नाही. व्हिनेगर सौम्य असल्याने थोडासा चुना त्यातून निसटतो. म्हणून दोन बादल्यांत सारखेच पाणी भरून एकीतच दगड ठेवावा आणि आठवड्याने दोन्हींचा पीएच व हार्डनेस (पाण्याचा जडपणा) मोजावा. उघड्यावर नुसत्या पाण्याचाही पीएच थोडा बदलतो, त्यामुळे दुसरी बादली टाळू नये. हिरवट-निळसर किंवा धातूसारखे चमकणारे पट्टे असलेला दगड सरळ बाजूला ठेवावा. त्यात तांबे असू शकते, आणि टाकीतल्या कोळंबी-गोगलगायींना थोडेसे तांबेही मारक ठरते.

उकळायचे ते लाकूड. फांदी झाडावर किंवा खाली पूर्ण वाळलेली, टणक हवी. नखाने दाबून खड्डा पडला, तर ती आतून कुजली आहे. पेरूची फांदी उत्तम. कण्हेर, शेर, रुई अशी विषारी किंवा चिकाची झाडे आणि राळेचे चीड-देवदार नकोत. साल पूर्ण सोलावी, कारण आधी तीच कुजते. तास-दोन तास उकळून मग फांदी बुडेपर्यंत भिजत ठेवावी. याला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. अधूनमधून पाणी बदलत राहावे. लाकडाला ब्लीच लावू नये, ते आत मुरते. पाण्याला येणारा तपकिरी रंग लाकडातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याचा असतो, त्याने माशांना अपाय होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर चढतो. तो पाहून घाबरून पुष्कळ जण चांगली फांदी फेकून देतात. तो ब्रशने निघतो आणि पुढे आपोआप येईनासा होतो.

पाने देशी बदामाची घ्यावीत, तीही झाडावरच तपकिरी होऊन गळलेली. हिरव्या पानातला रस कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो. 60 लिटरच्या टाकीला एक-दोन पाने पुरेत. तीन-चार आठवड्यांनी त्यांची जाळी झाली की बदलावीत.

बागेतली खत घातलेली माती टाकीत नको, तिच्यातून अमोनिया सुटतो. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि थर 3 ते 5 सेंटिमीटरच ठेवावा. जाड थरात हवा पोहोचत नाही, खाली काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. जड दगड आधी तळाशी बसवून मग भोवती वाळू ओतावी, नाहीतर मासे वाळू उकरतात आणि दगड काचेवर कलंडतो. 10 किलो दगड जवळजवळ 4 लिटर पाण्याची जागा घेतो. औषधाचा डोस काढताना तेवढे पाणी वजा करावे.

कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेल्या जागेतले काहीच घेऊ नये. लाकडात मुरलेले औषध धुऊन किंवा उकळून जाईल, असा भरवसा धरता येत नाही.

सगळे एकाच दिवशी टाकू नये. एक वस्तू ठेवून आठवडाभर मासे पाहावेत. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाने धापा टाकू लागले, तर नवी वस्तू लगेच काढावी, एक तृतीयांश पाणी बदलावे आणि एअर पंप चालू ठेवावा.

आपला,
एक वाचक