नातवंडांच्या सवयींबद्दल आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सुट्टीत दोन्ही मुलं तुमच्याकडे असतील, तेव्हा त्यांना चांगल्या सवयी लावायच्या तर नेमकं काय करायचं, असं बाबांनी विचारलंय. हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांना सगळं माहीत असतं, तरी ती तसं वागत का नाहीत, हा आमच्या नर्सिंग संशोधनातला जुना प्रश्न आहे. वर्गात आरोग्याचे धडे दिले की चाचणीतले गुण वाढतात, पण खाणं आणि झोपेची वेळ बऱ्याचदा तशीच राहते. नोला पेंडर या अमेरिकन नर्सने १९८२ साली आरोग्यसंवर्धनाचं प्रारूप मांडलं. त्यात आजाराच्या भीतीवर भर नाहीच. हे मला जमेल असं मुलाला वाटतं का, आड काय येतं आणि घरातली माणसं स्वतः काय करतात, याला तिथे महत्त्व आहे. म्हणून ‘असं केलंस तर आजारी पडशील’ हे वाक्य तुम्ही दोघांनीही सोडून द्या. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला वीस वर्षांनंतरच्या आजाराचं काहीच वाटत नाही.

आई, धाकटी नवी भाजी खात नाही, त्यावर सांगते. नखाएवढा एकच तुकडा तिच्या ताटाच्या कडेला ठेव. ‘खा’ म्हणू नकोस. तुम्ही दोघं तीच भाजी तिच्यासमोर खा. तिने नुसता हात लावला, वास घेतला, तोंडात घालून बाहेर काढला, तरी ती पुढची पायरीच समज. चव रुळायला बहुतेक मुलांना आठ ते पंधरा वेळा लागतात आणि घरोघरी तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच ‘हिला आवडत नाही’ असं ठरून जातं. घोडं अडतं ते इथेच. ‘भाजी संपवलीस तर गोड देईन’ हेही नको. त्याने गोडाचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा होऊन बसते. डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊची ओढ उलट वाढते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. म्हणून नको असलेला खाऊ घरात कमीच आणा. काय द्यायचं आणि केव्हा, ते तू ठरव. किती खायचं ते तिला ठरवू दे.

दात दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

थोरल्याच्या झोपेवरून बाबा चिडतात, म्हणून जरा खुलासा करते. किशोरवयात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे झोपेची वेळ तासा-दोन तासांनी पुढे सरकते. हा आळस नाही. त्याला ८ ते १० तास झोप हवी, धाकटीला ९ ते १२. ‘आजपासून दहाला झोप’ म्हटलंत तर तो अंथरुणात टक्क जागा राहील आणि अंथरूण म्हणजे जागरण असंच समीकरण बसेल. आधी उठण्याची वेळ पक्की करा. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर त्याला उजेडात बाहेर न्या. मग दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, तुमचे दोघांचेही. उठायला गजराचं साधं घड्याळ द्या, म्हणजे ‘अलार्मसाठी फोन लागतो’ ही पळवाट उरत नाही.

हालचाल रोज सरासरी ६० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी सांगते. तुकड्या-तुकड्यांत झाली तरी चालते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस उड्या, चढणं, लोंबकळणं असं हाडा-स्नायूंना जोर देणारं काहीतरी हवं.

बाबा, तुम्ही हे सगळं एकदम सुरू कराल, ते मात्र करू नका. प्रत्येकासाठी एकच सवय घ्या आणि ती रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला जोडा, जसं जेवण झालं की दहा मिनिटं चालणं. एकवीस दिवसांत सवय लागते हे खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना १८ ते २५४ दिवस लागले, मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, म्हणून तेवढ्यावरून बोलणी नकोत.

नोंद ठेवायची तर स्वतः पाहिलेलंच लिहा. ‘दिवसभरात काय खाल्लंस?’ याचं नेमकं उत्तर लहान मुलाला आठवत नाही आणि मोठं मूल समोरच्याला आवडेल ते सांगतं. आमच्या अभ्यासांतही या त्रुटीने निष्कर्ष फसतात, म्हणून हालचाल मोजायला सहसा कमरेला यंत्र बांधतो.

थोरल्याच्या वजनावर काहीही बोलू नका, कौतुकानेसुद्धा. या वयातली टोचणी उपाशी राहण्याकडे किंवा लपून खाण्याकडे नेते. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याचा) २५ चा आकडाही त्याला लावू नका. मुलांसाठी वय आणि लिंगाप्रमाणे वेगळे तक्ते असतात. शंका आलीच तर उंची-वजन मला एकटीला कळवा. उंची घेताना चपला काढून टाचा भिंतीला टेकवा, नजर सरळ समोर, आणि दोनदा मोजा.

आणि सुरुवात करण्याआधी कोणती सवय घ्यायची ते त्यालाच विचारा. आमच्या संशोधनात पालकांची सही असली तरी मुलाचा स्वतःचा होकार घेतल्याशिवाय अभ्यास सुरू करत नाही. तो ‘नको’ म्हणाला तर दुसरी निवडू द्या.

तुमची लेक